हाताची घडी

आमच्या शाळेत गुरुजी वर्गात आले की पहिले वाक्य ठरलेले असे. 'हाताची घडी, तोंडावर बोट!' पन्नास-साठ पोरे क्षणात चिडीचूप. शाळा सुटली, बी.ए. झालो, नगरपालिकेत कारकुनी करता करता कविता लिहू लागलो. ते वाक्य मात्र विस्मरणात गेले. ते पुन्हा ऐकायला मिळाले पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि ऐकवणारी होती माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असलेली एक फिजिओथेरपिस्ट. माझ्या आजारी बहिणीला मी पाण्याचा पेला पुढे करत होतो. ती हसत म्हणाली, "काका, हाताची घडी, तोंडावर बोट! पेला मावशींना स्वतः घेऊ द्या."

मी हाताची घडी घातली खरी, पण त्या क्षणी मला वीस-बावीस वर्षांपूर्वीचे अब्बा आठवले. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते पक्षाघातानंतरच्या व्यायामोपचारांविषयी, त्यावर जगभर झालेल्या संशोधनाविषयी. पण त्याची सुरुवात मला अब्बांपासूनच करावी लागेल.

अब्बा शिंपीकाम करीत. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत त्यांचे छोटे दुकान होते. सारा गाव त्यांना 'मास्तर' म्हणे. १९९७ सालच्या पावसाळ्यात एका पहाटे ते फजरच्या नमाजासाठी वजू करायला बसले आणि उजव्या हातातला लोटा निसटून फरशीवर पडला. आवाज ऐकून आम्ही धावलो. तोंड वाकडे झाले होते, जीभ जड झाली होती, उजवे अंग लुळे पडले होते. दवाखाना झाला, औषधे झाली. डॉक्टरांनी सांगितले, "सहा महिन्यांत जे सुधारेल ते खरे. पुढे फारशी आशा ठेवू नका." ओळखीच्यांनी नाना उपाय सुचवले. कुणी तेल दिले, कुणी तावीज आणला, कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले. व्यायामाचे मात्र कुणी फारसे बोलले नाही. त्या काळी आमच्या गावात फिजिओथेरपी हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता.

आम्ही काय केले? सेवा केली. अम्मी घास भरवायची. मी आंघोळ घालायचो. धाकटा भाऊ सदऱ्याची बटणे लावायचा, डोक्यावर टोपी ठेवायचा. ज्या माणसाने गावातल्या हजारो सदऱ्यांना काजे-बटणे केली, त्याच्या सदऱ्याची बटणे आम्ही लावत होतो आणि त्यात धन्यता मानत होतो. भेटायला येणारे म्हणत, "मास्तर, नशीबवान आहात. पोरे सोन्यासारखी निघाली." आमची छाती फुगायची.

एक दुपार मात्र माझ्या मनातून जात नाही. आजाराला दोन-अडीच महिने झाले असतील. अब्बांच्या बाजूला स्टुलावर पाण्याचा पेला होता. त्यांच्या उजव्या हाताची बोटे चादरीवरून हळूहळू त्या पेल्याकडे सरकत होती. अगदी वीतभर सरकली असतील. माझे लक्ष गेले. मी झटकन उठलो, पेला उचलला आणि त्यांच्या ओठाला लावला. अब्बांनी माझ्याकडे पाहिले, पाणी प्यायले. हात चादरीवर तसाच राहिला. पुढे तो हात हळूहळू छातीशी आखडत गेला. मूठ इतकी घट्ट मिटली की नखे तळव्यात रुतू नयेत म्हणून आम्ही तिच्यात कापडाची सुरळी घालून ठेवत असू. १९९९ साली अब्बा गेले, त्या मिटल्या मुठीनिशीच गेले.

त्या दुपारी मी पेला उचलला नसता तर अब्बांचा हात वाचला असता, असे मी म्हणत नाही. शरीराचे गणित इतके सोपे नसते. पण त्या हाताने काहीतरी करायला घेतले होते आणि मी ते त्याच्या आधी करून टाकले, हे मात्र खरे. त्यात काय चूक होती, हे समजायला मला फार वर्षे लागली.

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा अशी नावे वेगवेगळी. मूळ बहुतेक वेळा एकच. मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. रक्त न मिळालेला मेंदूचा भाग मरतो. मेंदूची डावी बाजू शरीराचा उजवा भाग चालवते आणि उजवी बाजू डावा. म्हणून अब्बांच्या मेंदूतील इजा डावीकडे आणि लुळेपण उजवीकडे. हातापायाचे हाड, स्नायू, सांधे यांना सुरुवातीला काहीच झालेले नसते. हुकूम देणारी यंत्रणा तुटलेली असते. मग हातापायाला व्यायाम देऊन उपयोग काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला होता.

त्याचे उत्तर मला अब्बांच्याच धंद्यात सापडले. कापड फाटले की तुटलेला धागा पुन्हा सांधता येत नाही. रफूगर त्याच कापडाचे शेजारचे धागे घेतो आणि ते एकेक करून भोकावरून पलीकडे नेतो. उभे, मग आडवे, पुन्हा उभे. मेंदूतही मेलेला भाग जिवंत होत नाही. पण आजूबाजूचे शाबूत भाग त्या कामाचा काही वाटा हळूहळू उचलू शकतात. मेंदूच्या या लवचीकपणावर आज कुणाचे दुमत नाही. मात्र हे रफू आपोआप होत नाही. एकेक टाका घालावा लागतो. त्या अवयवाने केलेली प्रत्येक हालचाल म्हणजे एक टाका. आणि हा टाका दुसऱ्याला घालता येत नाही.

हे कसे कळले, त्याची गोष्ट काहीशी अवघड आहे, कारण तिच्यात मुक्या प्राण्यांचे हाल आहेत. १८९५ साली इंग्लंडमध्ये मॉट आणि शेरिंग्टन या दोघांनी माकडाच्या हाताकडून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या नसा कापून पाहिल्या. हुकूम नेणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. संवेदना नाही म्हणजे हालचाल शक्य नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो पुढे अनेक वर्षे टिकला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग केला, पण एक पाऊल पुढे जाऊन. त्याने माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. भूक लागली, खाणे समोर आहे, चांगला हात बांधलेला. माकडाने 'मेलेला' हात पुढे केला आणि खाणे उचलले.

म्हणजे हात हलू शकत होता, माकड तो हलवत नव्हते. टॉबने याचा अर्थ असा लावला. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला हात खरोखरच निकामी असतो. माकड प्रयत्न करते, फसते, धडपडते. मग ते शिकते की या हाताच्या नादी लागू नये, दुसऱ्याने भागते. पुढे काही काळाने हातात थोडी ताकद परत येते, पण तोवर न वापरण्याची सवय पक्की झालेली असते. हात परत आलेला असतो आणि त्याला कुणी बोलावत नसते. पक्षाघात झालेल्या माणसाचेही असेच होत असावे, असे टॉबला वाटू लागले. हे वाचताना मला ती दुपार आठवली. माकडाला निदान स्वतःच्या दुसऱ्या हाताने शिकवले होते. अब्बांना तर घरातल्या सगळ्यांच्या हातांनी मिळून शिकवले, की तुमचा हात आता लागत नाही.

टॉबची कहाणी सरळ नाही. १९८१ साली मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्याच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली. प्राणिमित्रांनी तिथल्या सतरा माकडांची दैना उघड केली होती. खटला चालला, टॉबला दोषी ठरवले गेले आणि पुढे वरच्या न्यायालयात तो निकाल टिकला नाही. या प्रकरणाने अमेरिकेत मोठी खळबळ उडाली आणि प्रयोगातील प्राण्यांविषयीचे कायदे १९८५ साली अधिक कडक झाले. ते व्हायलाच हवे होते. आज एखादा रुग्ण लुळ्या हाताने चमचा धरतो, त्यामागे त्या सतरा माकडांसारख्या कितीतरी जिवांचे देणे आहे. ते विसरून या संशोधनाचे कौतुक करणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रयोगशाळेपासून दूर, एका घरातही याच सुमारास हाच धडा गिरवला गेला होता. ती गोष्ट एका कवीची आहे, म्हणून मला विशेष जवळची वाटते. पेद्रो बाख-इ-रिता हे कातालान भाषेचे कवी आणि अभ्यासक न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवत. १९५९ साली, पासष्टाव्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला. अर्धे अंग लुळे, वाचा बंद. काही आठवड्यांच्या उपचारांनंतर आता सुधारणा नाही, असे सांगण्यात आले. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यकीय शिक्षण घेत होता. त्याने वडिलांना घरी नेले. फिजिओथेरपीचे त्याला काही ज्ञान नव्हते. त्याने एवढाच विचार केला की लहान मूल जसे शिकते तसे वडिलांना शिकवू. आधी रांगणे, मग चालणे.

वडील भिंतीला खांदा टेकवून महिनोन्महिने रांगत. मुलगा जमिनीवर गोट्या टाकी, वडील लुळ्या हाताने त्या वेचत. भांडी घासताना चांगल्या हाताने भांडे धरायचे आणि अधू हात आतून गोल गोल फिरवायचा, पंधरा मिनिटे एका दिशेने, पंधरा मिनिटे उलट्या. शेजाऱ्यांना हे पाहवेना. एवढ्या विद्वान प्राध्यापकाला रांगायला लावतोस, शोभते का तुला, असे ते जॉर्जला म्हणत. आपल्याकडच्या 'लोक काय म्हणतील'ला देशाची सीमा नसते, हे मला तेव्हा कळले. सुमारे वर्षभरात पेद्रो पुन्हा वर्गात शिकवू लागले. पुढे काही वर्षांनी ते कोलंबियात एका डोंगरावर चढायला गेले असता हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात दिसले की मेंदूतून पाठीच्या कण्याकडे जाणाऱ्या नसांचा बहुतांश भाग पक्षाघाताने नष्ट झाला होता आणि तो कधीच भरून आला नव्हता. तरीही हा माणूस चालत होता, शिकवत होता, डोंगर चढत होता. त्यांचा दुसरा मुलगा पॉल मेंदूचा शास्त्रज्ञ होता. वडिलांच्या मेंदूतील ती इजा पाहून तो हादरला आणि त्याने मेंदूच्या लवचीकपणावर आयुष्यभर काम केले.

एका माणसाच्या गोष्टीवर शास्त्र उभे राहत नाही. टॉबने १९९३ साली जो पहिला अभ्यास प्रसिद्ध केला त्यातही अवघे नऊ रुग्ण होते. पक्षाघाताला वर्षाहून अधिक काळ लोटलेले, म्हणजे 'आता काही होणार नाही' या सदरातले. त्यातल्या चौघांचा चांगला हात चौदा दिवस बांधून ठेवला आणि अधू हाताकडून कसून सराव करवून घेतला. ते चौघे उरलेल्या पाचांच्या बरेच पुढे गेले. मग स्टीव्हन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सात संस्थांत मोठी चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. एका गटाने दोन आठवडे जागेपणीच्या बहुतेक वेळात चांगल्या हातावर जाड मोजा घातला आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत अधू हाताने सराव केला. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. ठरलेली कामे करायला पहिल्या गटाला आधी सरासरी १९.३ सेकंद लागत. वर्षाने ती ९.३ सेकंदांत होऊ लागली. दुसऱ्या गटाची वेळ २४ वरून १७.७ वर आली. सुधारणा दोन्हीकडे झाली, पण सराव करणाऱ्यांची जास्त झाली आणि ती वर्षभर टिकली.

इथे एक खुलासा केलाच पाहिजे. ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येत असतील तरच तिचा उपयोग होतो. तोल जात असेल तर चांगला हात अडकवून ठेवणे धोक्याचे ठरते. उद्या सकाळी कुणी आपल्या वडिलांचा हात उपरण्याने बांधू नये. ते तज्ज्ञाने तपासून ठरवायचे काम आहे.

मग सराव किती हवा? २००९ साली कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी सात केंद्रांत जाऊन फिजिओथेरपीची ३१२ सत्रे प्रत्यक्ष पाहिली आणि हालचाली मोजल्या. हाताच्या उपयोगी कामाचा सराव साधारण निम्म्याच सत्रांत झाला, आणि जिथे झाला तिथे सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तो दिवसाला शेकडो वेळा केलेल्या हालचालींनी. म्हणजे ज्या रफूला शेकडो टाके हवेत, त्याला आपण बत्तीस टाके घालतो आणि म्हणतो, कापडच कुजके होते.

पण 'जास्त' म्हणजे 'चांगले' असेही नाही. २०१५ साली पाच देशांतील ५६ रुग्णालयांत झालेल्या एका चाचणीचा निकाल आला. २१०४ रुग्ण होते. त्यांतल्या एका गटाला पक्षाघातानंतर चोवीस तासांच्या आत उठवून वारंवार आणि जास्त प्रमाणात हालचाल करायला लावली. अपेक्षा होती की ते लवकर सुधारतील. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते या गटातले ४६ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेले ५० टक्के. पहिल्याच दिवशी घाई केल्याने उलट थोडे नुकसान झाले. महागड्या यंत्रांचेही तसेच. पट्ट्यांनी शरीराचा भार तोलून फिरत्या पट्ट्यावर चालवण्याचे यंत्र मोठ्या आशेने आले होते. २०११ साली ४०८ रुग्णांवरील चाचणीत दिसले, की घरी जाऊन फिजिओथेरपिस्टने करवून घेतलेला साधा, क्रमाने वाढत जाणारा व्यायाम त्या यंत्राइतकाच उपयोगी पडला. गरीब देशासाठी ही मोलाची बातमी आहे.

आणि आता आपल्या देशाची गोष्ट. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट थोडे, रुग्ण फार आणि घरात माणसे पुष्कळ. मग घरच्यांनाच शिकवले तर? हा प्रश्न घेऊन भारतातल्या चौदा रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१७ साली आला. १२५० रुग्ण होते. अर्ध्यांच्या घरातील एका माणसाला रुग्णालयात प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करवून घ्यायला सांगितले. सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांत मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण सारखेच होते, ४७ टक्के. तसूभरही फरक नाही.

हा निकाल वाचून मी थोडा वेळ उदास बसलो. मला वाटत होते, शास्त्र सांगेल की घरच्यांनी एवढे एवढे केले की माणूस बरा होतो, आणि माझ्या मनातला हिशेब कुठेतरी पुरा होईल. तसे झाले नाही. पण विचार करता जाणवले की या निकालातही एक न्याय आहे. चार दिवस शिकवून सून, मुलगी किंवा बायको यांच्यावर सारा भार टाकायचा आणि तज्ज्ञाचे काम भागले म्हणायचे, हे चालणार नाही, असेच तो सांगतो. सेवा करणारे हात आपल्याकडे बहुतेक घरांत बाईचे असतात. स्वयंपाक, मुले, शेत किंवा नोकरी, आणि त्यावर हा व्यायाम. फिजिओथेरपिस्टची जागा ती घेऊ शकत नाही आणि तिने ती घ्यावी अशी अपेक्षाही करू नये. तालुक्याच्या दवाखान्यात शिकलेला फिजिओथेरपिस्ट हवा, ही मागणी म्हणूनच चैनीची नाही.

हे सगळे मी वाचले ते २०१९ नंतर. त्या वर्षीच्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, तोच आजार झाला. तेच उजवे अंग. आपा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, पतीच्या निधनानंतर आमच्याकडेच राहते. या खेपेला आम्ही वेळ दवडला नाही. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोलणे अडखळले की पहिले काम मोठे रुग्णालय गाठण्याचे. रुग्णालयातून घरी आल्यावर आठवड्यातून तीन दिवस ती फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली.

पहिल्याच दिवशी तिने माझ्या पत्नीला थांबवले. आपाला उठवताना ती लुळा हात धरून ओढत होती. असे ओढल्याने खांदा उतरतो आणि कायमचे दुखणे मागे लागते, हे तिने समजावले. मग विचारले, "मावशी, आजारी पडण्याआधी दिवसभर काय काय करायचात?" आपाने अडखळत यादी सांगितली. शेंगा सोलणे, पीठ मळणे, तसबी फिरवणे, ओढणी सारखी करणे, अब्बांच्या जुन्या मशीनवर चार टाके घालणे. त्या मुलीने तीच यादी व्यायामाची वही म्हणून लिहून काढली. चेंडू दाबण्यापेक्षा शेंग सोलणे बरे, कारण माणूस ज्या कामाचा सराव करतो त्यातच तो अधिक सुधारतो. आपाची बोटे थोडी उघडत होती. रोज दोन तास तिच्या डाव्या हातावर जाड मोजा चढू लागला. मी पेला पुढे केला आणि 'हाताची घडी' ऐकली, ती त्याच दिवसांत.

खरे सांगतो, हात बांधून बसणे ही सोपी गोष्ट नाही. एक शेंग सोलायला आपाला चार मिनिटे लागत. कपाळावर घाम येई. शेंग निसटे, ती पुन्हा पकडे. एकदा तर ती रडली. मी उठलो तशी ती मला दटावत म्हणाली, "तू गप बैठ. मेरे कू करने दे." अब्बांना त्या दुपारी बोलता येत असते तर ते कदाचित हेच म्हणाले असते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. फिजिओथेरपिस्टचे येणे थांबले. मोबाइलवर चित्र पाहून ती सूचना देऊ लागली. घरात माझ्या पत्नीने शेजाऱ्यांसाठी कापडी मास्क शिवायला घेतले होते. त्यांच्या नाड्या ओवायचे काम आपाने मागून घेतले. पहिल्या दिवशी दोन मास्क झाले. रमजान येईपर्यंत दिवसाला वीस-पंचवीस होऊ लागले. कुणी मोजायला सांगितले नव्हते, तरी शेकडो टाके घातले जात होते.

आपाचा हात पूर्ववत झाला नाही. अजून थंडीत बोटे ताठ होतात. सही वेगळीच येते. चालताना उजवा पाय किंचित ओढला जातो. पण ती स्वतःच्या हाताने जेवते, ओढणी सारखी करते आणि दुआसाठी दोन्ही हात उचलते. उजवा थोडा खाली राहतो, इतकेच. किती श्रेय औषधाचे, किती व्यायामाचे आणि किती नशिबाचे, हे मी सांगू शकत नाही. एका घरावरून तसे सांगूही नये.

तुमच्या घरात किंवा शेजारी असा कुणी असेल तर एवढेच सांगेन. सहा महिने उलटले म्हणून दार लावून घेऊ नका. सुरुवातीचे महिने वेगाने सुधारणेचे असतात, पण त्यानंतरही सरावाने फरक पडू शकतो. जाणत्या फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवा. आणि पडण्याचा, भाजण्याचा धोका नसेल तिथे घाई करून मदतीला धावू नका. जवळ बसा, लक्ष ठेवा आणि त्या हाताला त्याचा वेळ द्या.

काल संध्याकाळी आपाने मला चहा आणून दिला. उजव्या हातात कप, डाव्याचा हलका आधार. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत सहा-सात पावले. बशीत थोडा चहा सांडला. मी हाताची घडी घालून बसलो होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)